वसा-अल्कोहोले आणि आवरणधारी विषाणू : एका विधानाची चिकित्सा

‘वसा-अल्कोहोले ही आवरणधारी विषाणूंविरुद्ध परिणामकारक असतात’ हे विधान रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्ही शाखांच्या लेखनात वारंवार भेटते. विधान असत्य नाही. परंतु ते एक विधान नसून तीन निरनिराळ्या विधानांची बांधलेली मोट आहे. पहिले विधान असे की, ही द्रव्ये विषाणूच्या प्रत्यक्ष संपर्कात आली म्हणजे त्याचे आवरण भंग पावते आणि त्याची संसर्गक्षमता नष्ट होते. दुसरे असे की, ती पेशीत शिरून पेशीलाच विषाणूच्या प्रवेशास प्रतिकूल बनवितात. तिसरे असे की, ती रुग्णाच्या त्वचेवर लावली असता व्याधीचा काळ कमी होतो. या तिन्हींना लागणारा पुरावा भिन्न जातीचा आहे आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. व्यवहारात मात्र तसे सर्रास होते. १९७७ पासून पुढे आलेला पुरावा या तीन सदरांखाली वेगळा मांडून कोणता निष्कर्ष कोठवर टिकतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. कार्बन अणूंची लांब शृंखला आणि तिच्या एका टोकास हायड्रॉक्सिल गट अशी ज्यांची रचना असते, त्यांस वसा-अल्कोहोले म्हणतात. दहा कार्बनांचे डेकॅनॉल, बारांचे लॉरिल, चौदांचे मिरिस्टिल, सोळांचे सेटिल, अठरांचे स्टिअरिल आणि बावीस कार्बनांचे बेहेनिल अल्कोहोल, म्हणजेच डोकोसॅनॉल, ही या कुलातील परिचित नावे होत. सेटिल अल्कोहोल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने देवमाशाच्या मेणापासून वेगळे केले, तर लॉरिल अल्कोहोल आज प्रामुख्याने खोबरेल व पामच्या गराचे तेल यांतील वसाम्लांपासून तयार करतात. सेटिल व स्टिअरिल अल्कोहोले ही मलमांना घट्टपणा आणण्यासाठी नित्य वापरली जातात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वसा-अल्कोहोल असणे एवढ्यानेच जर एखादे द्रव्य विषाणुविरोधी ठरत असते, तर चेहऱ्यास लावण्याचे कोणतेही साधे मलम औषध ठरले असते. तसे ते ठरत नाही. अर्थात गुण कुलाचा नसून शृंखलेच्या लांबीचा, तिच्यातील द्विबंधांचा आणि द्रव्य कोणत्या रूपात दिले जाते याचा आहे.

विषाणूंच्या बाजूसही असाच भेद आहे. काही विषाणूंचे न्यूक्लिइक अम्ल केवळ प्रथिनांच्या कवचात बंदिस्त असते. पोलिओचा विषाणू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. हर्पीस, इन्फ्लुएंझा, श्वसनमार्गाचा सिन्सिशियल विषाणू, तसेच कोरोना विषाणू यांच्या प्रथिनकवचाभोवती आणखी एक लिपिडांचे द्विस्तरी आवरण असते. हे आवरण विषाणू स्वतः निर्माण करीत नाही. पेशीतून बाहेर पडताना तो पेशीच्याच पटलाचा तुकडा पांघरून निघतो आणि त्यात आपली प्रथिने रोवतो. ही प्रथिने नव्या पेशीला चिकटण्याच्या व तिच्या पटलाशी एकरूप होण्याच्या कामी येतात. म्हणून आवरण गेले की विषाणूचे न्यूक्लिइक अम्ल शाबूत असूनही तो निरुपयोगी होतो. आवरणधारी विषाणू साबण व इथेनॉल यांना लवकर बळी पडतात आणि पोलिओसारखे नग्न विषाणू तुलनेने दाद देत नाहीत, याचे कारणही हेच.

२

पहिल्या विधानाचा पाया १९७७ साली घातला गेला. त्या वर्षी वॉलेस स्नाइप्स व त्यांचे सहकारी यांनी ‘अँटिमायक्रोबिअल एजंट्स अँड किमोथेरपी’ या नियतकालिकात लिपिडयुक्त विषाणूंवरील दीर्घशृंखल अल्कोहोलांच्या परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हर्पीस सिंप्लेक्स विषाणू आणि लिपिडयुक्त जीवाणुभक्षी विषाणू त्यांनी परीक्षेस घेतले होते. दहा ते चौदा कार्बनांची संपृक्त अल्कोहोले प्रभावी ठरली. पुढे १९७९ साली सँड्स, ऑपेरिन व स्नाइप्स यांनी सोळा व अठरा कार्बनांची असंपृक्त अल्कोहोले व मोनोग्लिसराइडे तपासून, हर्पीस विषाणू त्यांना अतिशय संवेदनशील असल्याचे दाखविले.

या निष्कर्षांत एक संगती आहे. संपृक्त अल्कोहोलांचे वितळणबिंदू पाहावेत : लॉरिल सुमारे २४ अंश सेल्सिअस, मिरिस्टिल सुमारे ३८, सेटिल सुमारे ४९, स्टिअरिल सुमारे ५९, आणि डोकोसॅनॉल सुमारे ७०. म्हणजे शरीराच्या तापमानास चौदा कार्बनांपर्यंतची अल्कोहोले द्रवरूप किंवा द्रवाच्या उंबरठ्यावर असतात. त्यापलीकडची मेणासारखी घट्ट. अठरा कार्बनांच्या शृंखलेत एखादा द्विबंध आला की ती वाकते, रेणूंची रचलेली रास मोडते आणि द्रव्य पुन्हा द्रवरूप होते. ओलिइल अल्कोहोल त्यामुळेच सामान्य तापमानासही तेलासारखे असते. ज्यांची शृंखला आखूड आहे त्यांचा ओढा पाण्याकडे अधिक, ज्यांची लांब व ताठ आहे ती पाण्यात उतरतच नाहीत. मधल्या लांबीची किंवा वाकलेल्या शृंखलेची अल्कोहोले पाण्यातून प्रवास करून आवरणात शिरू शकतात आणि तेथील लिपिडांची मांडणी विस्कटतात. ही उपपत्ती वितळणबिंदूंवरून केलेले अनुमान आहे, प्रत्यक्ष निरीक्षण नव्हे. तथापि १९७७ व १९७९ या दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष ती एकाच सूत्रात गोवते, हे तिचे बळ होय.

प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड या कुलाच्या भावकीतील द्रव्यांनी दिली. आइसलँडचे हाल्डोर थॉर्मर व अमेरिकेतील चार्ल्स आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली वसाम्ले व मोनोग्लिसराइडे यांचा परिणाम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कमी संहतीत आवरणास गळती लागते आणि संहती वाढविली की आवरण व विषाणुकण यांचे पूर्ण विघटन होते, असे त्यांना आढळले. परंतु त्याच निबंधाने दुसरीही एक गोष्ट नोंदविली व ती निबंधाच्या शीर्षकातच घातली : ही द्रव्ये संवर्धनातील पेशींनाही मारतात. अनेक परामर्शलेखांत यातील पहिला निष्कर्ष उद्धृत होतो आणि दुसरा मागे राहतो. वस्तुतः दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत. आवरण हे पेशीच्याच पटलाचे कापड असेल, तर आवरण फाडणारे द्रव्य पेशीला का सोडील?

या प्रश्नास काही उत्तर आहे. जिवंत पेशी आपल्या पटलाची डागडुजी करू शकते. विषाणुकणाजवळ ना ऊर्जा, ना यंत्रणा. शिवाय आवरणातील लिपिडांचे प्रमाण पेशीपटलाहून काहीसे निराळे असू शकते. त्यामुळे विषाणू मरेल व पेशी तगेल अशी संहतीची एक पट्टी सापडू शकते. पण ती पट्टी अरुंद आहे आणि ती दर पेशीगणिक व दर द्रव्यागणिक नव्याने मोजावी लागते. ॲसायक्लोव्हिरशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. ते औषध क्रियाशील होण्यासाठी प्रथम हर्पीस विषाणूच्याच थायमिडीन कायनेज या विकराची गरज लागते. निरोगी पेशीत तो विकर नसल्यामुळे औषध तेथे जवळजवळ निष्क्रिय राहते. तेथे निवड विषाणूच करून देतो. आवरणभंजक अल्कोहोलांच्या बाबतीत निवड करणारे असे कोणी नाही. ती केवळ मात्रेवर सोपविलेली असते. म्हणून या अल्कोहोलांना विषाणुघातक म्हणणे यथार्थ आहे. रोगोपचाराच्या अर्थाने विषाणुविरोधी म्हणण्यास मात्र पहिल्या विधानाचा पुरावा पुरेसा नाही.

३

दुसऱ्या विधानाचा नायक डोकोसॅनॉल आहे आणि गोंधळाचे मूळही येथेच आहे. १९९१ साली डेव्हिड कॅट्झ व सहकारी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात असे दाखविले की, बावीस कार्बनांचे हे संपृक्त अल्कोहोल हर्पीस सिंप्लेक्सच्या दोन्ही प्रकारांची व श्वसनमार्गाच्या सिन्सिशियल विषाणूची पेशीसंवर्धनातील वाढ रोखते. ॲसायक्लोव्हिरला न जुमानणारा हर्पीस विषाणूही त्यास अपवाद नव्हता.

मागील विभागातील संगतीनुसार डोकोसॅनॉल निष्क्रिय असावयास हवे होते, कारण ते ताठ शृंखलेचे, ७० अंशांना वितळणारे व पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असे द्रव्य आहे. आणि एका अर्थाने ते निष्क्रियच आहे! कॅट्झ यांचा निबंध स्वच्छपणे सांगतो की, हे द्रव्य विषाणूचा थेट नाश करीत नाही. विषाणू पेशीला चिकटतोही. अडथळा येतो तो त्यानंतर. १९९६ व १९९८ साली पोप व सहकारी यांनी हा शोध पुढे नेला. डोकोसॅनॉल पेशीत घेतले जाते, तेथे त्याचे चयापचयी रूपांतर होते, आणि त्याच्या विषाणुविरोधी परिणामाचे प्रमाण या रूपांतराशी जुळते, असे पहिल्या निबंधात आढळते. विषाणूच्या प्रवेशाची प्रक्रिया रोखली जाते, म्हणजे आवरण व पेशीपटल यांचे मीलन नीट होत नाही, असे दुसऱ्यात.

अशा रीतीने लॉरिल अल्कोहोल व डोकोसॅनॉल यांच्यात कुलनाम समान असले तरी कार्यपद्धती परस्परविरुद्ध आहे. एक विषाणूवर क्रिया करते, दुसरे पेशीवर. एकास मिनिटे पुरतात, दुसऱ्यास पेशीने ते पचविण्याइतका अवधी लागतो. एकाचा परिणाम पेशी नसतानाही दिसतो, दुसऱ्याचा पेशीवाचून संभवत नाही. दोघांना ‘आवरणधारी विषाणूंचे शत्रू’ म्हणून एका ओळीत बसविणारा परामर्शलेख वाचकाची दिशाभूल करतो. समान आहे ते लक्ष्य. आवरण नसलेल्या विषाणूंवर दोन्ही पद्धतींची मात्रा चालण्याचे कारण नाही.

डोकोसॅनॉलच्या प्रयोगांत आणखी एक अडचण आहे. अविद्राव्य द्रव्य संवर्धनात द्यावयाचे म्हणून ते प्लुरॉनिक एफ-६८ यासारख्या पृष्ठक्रियाकारी पदार्थाच्या साहाय्याने निलंबित करावे लागले आणि वापरलेल्या संहती मिलिमोलर मर्यादेतील आहेत. ॲसायक्लोव्हिर मायक्रोमोलर संहतीत काम करते. अर्थात निलंबनाची संहती ही विद्रावाची संहती नव्हे. पात्रात किती द्रव्य टाकले एवढेच ती सांगते, पेशीस किती मिळाले हे नाही. म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना करून डोकोसॅनॉलला दुर्बल ठरविणे जसे अन्यायाचे, तसेच त्या आकड्यावरून त्वचेवरील मात्रेचा अंदाज बांधणेही निराधार होय. पोप यांनी चयापचयी रूपांतर मोजून पेशीच्या आतील हिशेबाकडे लक्ष वेधले, हेच या दृष्टीने त्या निबंधाचे खरे मोल आहे.

४

तिसरे विधान रुग्णाशी संबंधित आहे. ओठांच्या कडेस वारंवार उठणाऱ्या पाणीभरल्या पुटकुळ्या हा हर्पीस सिंप्लेक्सचा नेहमीचा आविष्कार. विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गंडिकेत सुप्त राहतो आणि प्रसंगी तंतूच्या वाटेने त्वचेकडे परततो. ओठास लावलेले कोणतेही मलम गंडिकेपर्यंत पोहोचत नाही. फार तर ते त्वचेतील एका पेशीकडून दुसरीकडे होणारा प्रसार आवरू शकते.

जुलै २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोकोसॅनॉलचे दहा टक्के मलम वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मान्यता दिली. त्यामागील मुख्य चाचणी स्टीफन सॅक्स व सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. रुग्णांना यदृच्छेने दोन गटांत विभागून, लक्षणांची चाहूल लागताच किंवा केवळ लाली असतानाच, दिवसातून पाच वेळा मलम लावण्यास दिले होते. डोकोसॅनॉलच्या ३७० रुग्णांत बरे होण्याचा मध्यक काळ ४.१ दिवस होता. औषधहीन मलमाच्या ३६७ रुग्णांपेक्षा तो १८ तासांनी कमी होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला. परंतु त्या फरकाची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा २ तासांपासून २२ तासांपर्यंत पसरलेली आहे. पुटकुळी उठण्यापूर्वीच प्रकोप मावळला अशा रुग्णांचे प्रमाण ४० विरुद्ध ३४ टक्के होते आणि हा फरक मात्र त्या कसोटीस उतरला नाही.

हे दुसरे आकडे अधिक विचार करावयास लावणारे आहेत. डोकोसॅनॉल विषाणूचा प्रवेश रोखते हे गृहीत धरल्यास त्याचा प्रभाव आरंभीच सर्वांत अधिक दिसावा आणि प्रकोप मुळातच मावळण्याचे प्रमाण ठळकपणे वाढावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. ती येथे निश्चितपणे पूर्ण झालेली नाही. यावरून उपपत्ती खोटी ठरते असे नव्हे. चाहूल लागेपर्यंत प्रसार पुष्कळ झालेला असणे शक्य आहे. परंतु चाचणीने उपपत्तीस पुष्टी दिली, असेही म्हणता येणार नाही.

याहून महत्त्वाचा आक्षेप तुलनेच्या मलमाविषयी आहे. चाचणीतील औषधहीन मलम पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे होते. बाजारात आलेल्या डोकोसॅनॉल मलमाचा आधार मात्र निराळा आहे : त्यात खनिज तेल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, बेंझिल अल्कोहोल व साखरेची स्टिअरेटे असतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल पाण्यात विरघळते, तर तेलकट मलम जखमेवर थर धरते व तिला कोरडी पडू देत नाही. तेव्हा १८ तासांचा फरक डोकोसॅनॉलचा, आधाराचा की दोहोंचा, हे या रचनेतून वेगळे काढता येत नाही. यावर असा प्रतिवाद संभवतो की, स्टिअरेटयुक्त आधार स्वतःच अल्पांशाने क्रियाशील असू शकेल, म्हणून तो तुलनेस घेणे योग्य नव्हे. प्रतिवादात तथ्य आहे. पण त्याचा योग्य निष्कर्ष असा की, गट तीन असावयास हवे होते : पूर्ण मलम, डोकोसॅनॉलविरहित तोच आधार, आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल. आधाराविषयी शंका असेल तर त्यास चाचणीबाहेर ठेवल्याने ती फिटत नाही.

२००१ सालीच मॅकिओ व स्प्रुअन्स यांनी गिनीपिगच्या त्वचेवरील प्रायोगिक हर्पीस संसर्गात अनेक मलमांची तुलना प्रसिद्ध केली. तीत पेन्सिक्लोव्हिरचे मलम अग्रभागी, त्यामागे ॲसायक्लोव्हिरची दोन रूपे आणि सर्वांच्या मागे डोकोसॅनॉल असा क्रम लागला. गिनीपिगची त्वचा म्हणजे मनुष्याचा ओठ नव्हे आणि बाहेरून टोचलेला संसर्ग म्हणजे गंडिकेतून परतलेला प्रकोप नव्हे. तरीही सर्व मलमे एकाच कसोटीवर घासली गेली, हा त्या अभ्यासाचा गुण नाकारता येत नाही.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सॅक्स यांच्या चाचणीत मलम रुग्णांना सुखाने सोसले. वेदना व इतर लक्षणेही औषधाच्या गटात लवकर शमली. पुटकुळीने त्रस्त झालेल्या माणसास पाऊण दिवस ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तक्रार मलमाविरुद्ध नाही. १८ तासांच्या या माफक फलाला १९७७ च्या परीक्षानळीतील नाट्यमय विषाणुनाशाची प्रभावळ लावली जाते, तिच्याविरुद्ध आहे.

५

अशी प्रभावळ लावण्याचा मोह आपल्याकडेही नवा नाही. डोकोसॅनॉलशी निगडित बेहेनिक अम्लाचे नाव ‘बेन’ तेलावरून, म्हणजे शेवग्याच्या बियांच्या तेलावरून आले आहे आणि भुईमुगाच्या तेलातही ते अम्ल थोडे असते. खोबरेलाच्या वसाम्लांत सुमारे निम्मा वाटा लॉरिक अम्लाचा असतो. एवढ्यावरून शेवग्याचे तेल ओठांच्या पुटकुळ्यांवर किंवा खोबरेल श्वसनरोगांवर गुणकारी ठरविण्यास फार वेळ लागत नाही. परंतु तेलात हे अम्ल ग्लिसरॉलशी बद्ध असते. बद्ध अम्ल, मुक्त अम्ल, त्याचे अल्कोहोल व त्या अल्कोहोलाचे मलम या चार निरनिराळ्या वस्तू आहेत. प्रत्येक पायरीस स्वतंत्र प्रयोगाचा आधार लागतो.

या क्षेत्रात प्रयोग करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळणे त्यामुळे अगत्याचे ठरते. शृंखलेची लांबी व द्विबंधांची संख्या यांसोबत द्रव्य विद्रावात होते की निलंबनात हे नोंदवावे. संपर्ककाळ, तापमान, अम्लता आणि माध्यमातील रक्तजलाचे प्रमाण द्यावे. कारण रक्तजलातील अल्ब्युमिन अशी स्निग्ध द्रव्ये बांधून ठेवते आणि त्याविना मिळालेले आकडे जखमेच्या स्रावास लागू पडतीलच असे नाही. विषाणू मोजण्यापूर्वी द्रव्य पुरेसे विरळ केले वा काढून टाकले होते, हे दाखवावे. अन्यथा विषाणू मेला की मोजणीच्या पेशी आजारी पडल्या, हे कळत नाही. एका नग्न विषाणूचा नियंत्रक प्रयोग अवश्य असावा. द्रव्य विषाणूस आधी दिले, पेशीस आधी दिले, की संसर्गानंतर दिले, या तीन क्रमांचे निष्कर्ष वेगळ्या स्तंभांत मांडावेत. आणि ज्या संहतीत विषाणू मेला, त्याच संहतीत पेशींचे काय झाले हे त्याच सारणीत लिहावे.

असे केल्यास पहिले व दुसरे विधान यांचा घोळ सारणीतच संपतो. तिसऱ्या विधानासाठी सारणी पुरणार नाही. तेथे तीन गटांची चाचणीच हवी. तोवर मध्यम शृंखलेची अल्कोहोले विषाणुघातक आहेत, डोकोसॅनॉल पेशीमार्फत विषाणूचा प्रवेश अडविते, आणि त्याच्या मलमाने ओठांवरील प्रकोप काही तासांनी आखडतो परंतु त्याचे श्रेय कोणाचे हे निश्चित नाही, अशी तीन स्वतंत्र वाक्ये लिहिणे हेच उपलब्ध पुराव्याशी सुसंगत आहे.